फाळके यांच्या हातातली कात्री

चित्रपट म्हणजे दृश्यांची निव्वळ साखळी नव्हे, दोन दृश्यांच्या सांध्यातून तिसराच अर्थ जन्माला येतो, हा विचार शास्त्राच्या पातळीवर प्रथम रशियात मांडला गेला. क्रांतीनंतरच्या मॉस्कोत लेव कुलेशॉव्ह, पुदॉव्हकिन, आयझेन्स्टाइन आणि झिगा व्हर्तोव्ह यांनी संकलनाला चित्रपटकलेचे व्याकरण मानले. त्यांचे ग्रंथ जगभर अभ्यासले गेले आणि मॉन्ताज हा शब्द सर्व भाषांमध्ये रूढ झाला. मात्र ज्या काळात मॉस्कोत हे प्रयोग चालू होते, त्याच्या थोडे आधी आणि काही अंशी त्याच काळात, दादर व नाशिक येथे एक मराठी माणूस हातात कात्री घेऊन फितीचे तुकडे जोडत बसला होता. धुंडिराज गोविंद फाळके हे त्याचे नाव. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांना सारे ओळखतात. फितीचे तुकडे जोडणारा कारागीर म्हणून त्यांची ओळख मात्र आजही अपुरीच आहे.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. त्यांना मुंबईत अध्यापनाची नोकरी मिळाल्यावर कुटुंब तेथे आले आणि १८८५ मध्ये धुंडिराज यांनी जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकलेबरोबर मूर्तिकाम, वास्तुकला आणि छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले. घरची परंपरा पोथ्यांची आणि मुलाचा ओढा रंग, रसायने व यंत्रे यांकडे, असा हा संगम होता. पुढे त्यांच्या चित्रपटांत पुराणकथा आणि यंत्रकौशल्य हातात हात घालून आली, त्याचे बीज येथेच पडले.

त्यानंतरची वीस वर्षे वरवर पाहता भरकटलेल्या माणसाची वाटतात. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. १९०० मध्ये प्लेगने त्यांची पहिली पत्नी गेली आणि तो संसार मोडला. पुढे जादूचे प्रयोग करताना आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा हे नाव त्यांनी घेतले. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून ते रुजू झाले. वंगभंगाच्या चळवळीच्या दिवसांत ती नोकरी सोडून ते छपाईच्या धंद्यात शिरले, प्रथम लोणावळ्यात आणि नंतर दादरला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईशी त्यांचा संबंध आला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. व्यवसाय भरभराटीला येत असतानाच भागीदारांशी पटेनासे झाले आणि फाळके हात झटकून बाहेर पडले.

संकलनाच्या दृष्टीने पाहिले, तर ही वीस वर्षे वाया गेलेली नाहीत. तीन रंगांच्या छपाईत प्रत्येक रंगाचा ठसा स्वतंत्रपणे उमटतो. एकटा पिवळा किंवा एकटा निळा ठसा पाहणाऱ्याला चित्राचा अंदाज येत नाही. तिन्ही एकमेकांवर नेमके बसले की मगच चित्र जिवंत होते. अपुऱ्या अंशांच्या मेळातून पूर्ण अर्थ निर्माण होतो, हा धडा छापखान्याने दिला. जादूगार प्रेक्षकाची नजर एका हाताकडे वळवतो आणि खरे काम दुसऱ्या हाताने उरकतो. पाहणाऱ्याच्या मनात जे घडते ते रंगमंचावर घडलेच पाहिजे असे नाही, हा धडा जादूने दिला. कुलेशॉव्ह यांनी पुढे सिद्धान्ताच्या भाषेत जे सांगितले, त्याचा हा व्यवहारातला पाया होता.

१९११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण यांची रूपे उभी राहिली. समोर एक दृश्य आणि मनात दुसरे, अशी ही घटना होती. त्यानंतर ते झपाटल्यासारखे चित्रपट पाहू लागले. जागरणे आणि डोळ्यांवरचा ताण यांमुळे काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली, तेव्हा त्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकून कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनचा रस्ता धरला.

लंडनमध्ये बायस्कोप साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीने ते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओपर्यंत पोहोचले. चित्रपटनिर्मितीची सर्व अंगे त्यांनी तेथे पाहून घेतली. विल्यमसन कॅमेरा, फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्च्या फिल्मची मागणी एवढा ऐवज जमवून अवघ्या काही आठवड्यांत ते परतले. औपचारिक शिक्षण म्हणावे तर ते एवढेच.

परत आल्यावर भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी जो पहिला प्रयोग केला, तो त्यांच्या बुद्धीची झेप दाखवतो. कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा एका जागी स्थिर ठेवून, ठरावीक अंतराने एकेक चौकट ते टिपत गेले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसू लागली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या छोट्या फितीत कात्री चालली नव्हती. तरीही काळ कापण्याची कल्पना तिच्यात होती. दोन चौकटींमधला दिवस गाळला तरी पाहणारा तो मनाने भरून काढतो, हे फाळके यांना उमगले होते. सावकारांनाही ते पटले आणि कर्ज मिळाले.

या साऱ्या उद्योगात त्यांना खरी साथ लाभली ती पत्नीची. १९०२ मध्ये विवाह होऊन गिरिजा करंदीकर या सरस्वतीबाई फाळके झाल्या. चित्रपटासाठी त्यांनी आपले दागिने दिले. घरी मुक्कामाला असलेल्या साठ-सत्तर माणसांच्या जेवणाची व्यवस्था त्या पाहत. उन्हात पांढरी चादर धरून तासन्‌तास त्या उभ्या राहत, कारण प्रकाश परावर्तित करण्याचे दुसरे साधन हाताशी नव्हते. रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर अंधारात कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे, फीत धुणे आणि पतीच्या मार्गदर्शनाखाली तुकडे जोडणे ही कामे त्या करीत. भारतातील पहिल्या चित्रपट संकलक म्हणून त्यांचा उल्लेख आज केला जातो, तो यासाठीच. तारामतीची भूमिका करण्याची सूचना पुढे आली तेव्हा, पडद्यामागचा हा सारा भार कोण वाहणार, या विचाराने त्यांनी नकार दिला.

‘राजा हरिश्चंद्र’ हा चार रिळांचा, सुमारे ३७०० फूट लांबीचा चित्रपट सहा महिन्यांहून अधिक काळ खपून पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी त्याचा खेळ झाला आणि ३ मे रोजी कोरोनेशनमध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही, म्हणून एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना ती भूमिका देण्यात आली. राजवाडा उभा राहिला तो दादरच्या बंगल्यात आणि अरण्य सापडले वांगणीच्या परिसरात. प्रेक्षकांना मात्र एकच सलग राज्य दिसले. पुढे कुलेशॉव्ह यांनी मॉस्कोतील रस्त्यांची दृश्ये आणि वॉशिंग्टनमधील इमारतीचे दृश्य एकत्र जोडले व नकाशावर नसलेला भूगोल संकलनातून निर्माण करता येतो, हे प्रयोगाने दाखवले. दादर आणि वांगणी यांच्या सांध्यातून उभी राहिलेली अयोध्या हा त्याच तत्त्वाचा आधीचा, पण नाव न मिळालेला दाखला होता.

येथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. आरंभीचा चित्रपट हा बहुतांशी नाटकाचे चित्रण होता. कॅमेरा प्रेक्षकाच्या खुर्चीत बसवावा आणि प्रसंग संपेपर्यंत फिरवावा, एवढीच त्याची झेप होती. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पासोडीवर पंचीकरण लिहिले, ते एका अखंड लांबलचक वस्त्रावर. आरंभीच्या चित्रपटाची फीतही अशीच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उलगडत जाणारी होती. संकलनाने या पासोडीची गोधडी केली. वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या वेळचे तुकडे एकमेकांना शिवले गेले आणि त्यांच्या शेजारातून नवी नक्षी निघाली. फाळके यांच्या चित्रपटांत पासोडीही आहे आणि गोधडीही. त्यांची पुष्कळ दृश्ये रंगमंचासारखी समोरून घेतलेली आहेत. चमत्काराचा प्रसंग आला की मात्र त्यांच्यातला जादूगार जागा होतो आणि कात्री हातात घेतो. कॅमेरा थांबवून, पात्र हलवून, पुन्हा कॅमेरा सुरू करून आणि सांधा नेमका साधून त्यांनी देवांना प्रकट केले व अदृश्य केले.

१९१३ च्या अखेरीस फाळके नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांच्या रूपाने स्त्रिया त्यांच्या पडद्यावर आल्या. १९१४ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या चित्रपटांचे प्रदर्शन झाले. तेथे राहून काम करण्यासाठी चालून आलेली संधी त्यांनी स्वदेशीच्या निष्ठेपायी नाकारली. लगेच महायुद्ध पेटले आणि कच्च्या फिल्मचा पुरवठा आटला. देणेकऱ्यांनी हात आखडते घेतले. याच ओढगस्तीतून १९१७ मध्ये ‘लंकादहन’ उभा राहिला.

‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकाच देहातून दोन व्यक्ती उभ्या करायच्या, तर वेशभूषेइतकाच भरवसा दृश्यांच्या जोडणीवर ठेवावा लागतो. कुलेशॉव्ह यांनी नेमका उलटा प्रयोग केला. एकीचा चेहरा, दुसरीची पाठ, तिसरीचे पाय अशी निरनिराळ्या स्त्रियांची दृश्ये जोडून त्यांनी प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेली एक स्त्री पडद्यावर घडवली. नाशिकमध्ये एकाचे दोन झाले आणि मॉस्कोत अनेकींची एक झाली. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकांनी जे पाहिले, ते फितीच्या सांध्यात जन्मले होते.

कुलेशॉव्ह यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग चेहऱ्याचा. इव्हान मोझ्झुखिन या नटाचा एकच भावहीन चेहरा त्यांनी सूपाच्या वाडग्याशेजारी, शवपेटीशेजारी आणि अन्य दृश्याशेजारी जोडला. पाहणाऱ्यांना त्यात कधी भूक दिसली, तर कधी शोक. या प्रयोगाची मूळ फीत उपलब्ध नाही आणि नंतरच्या वर्णनांत तपशील बदलत गेले. पण त्याचा निष्कर्ष जगन्मान्य झाला. चेहरा बोलत नाही, शेजारचे दृश्य त्याला बोलते करते. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळके यांनी याच्या अगदी विरुद्ध दिशेने वाट काढली. चित्रपटाच्या आरंभीच त्यांनी आपली कन्या मंदाकिनी हिचा चेहरा जवळून दाखवला आणि एकामागून एक भाव त्यावर उमटवले. मग तीच मुलगी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बाळकृष्णाच्या रूपात विरघळत जाते. कुलेशॉव्ह यांचा विश्वास न बदलणाऱ्या चेहऱ्यावर होता, तर फाळके यांचा बदलणाऱ्या चेहऱ्यावर. त्यामागे नवरसांची परंपरा आणि घरच्या मुलीच्या गुणांचे कौतुकही होते. मात्र त्याच चित्रपटात कृष्ण डोहात कालियाशी झुंजतो, तेव्हा पाण्यातली झुंज आणि काठावर व्याकूळ झालेले गोकुळ यांची दृश्ये आलटून पालटून येतात. तेथे शोक आणि धीर यांचा ताण चेहऱ्याइतकाच सांध्यांमधून निर्माण होतो. कोणी शिकवले नसताना फाळके त्या तत्त्वापर्यंत पोहोचले होते.

मग सिद्धान्त रशियात का जन्मला आणि येथे का नाही, हा प्रश्न उरतो. टंचाई दोन्हीकडे होती. क्रांतीनंतरच्या नाकेबंदीमुळे मॉस्कोतही कच्ची फिल्म मिळेनाशी झाली होती. कुलेशॉव्ह यांचे विद्यार्थी फीत नसलेले चित्रपट रंगमंचावर करून पाहत आणि जुन्या फिती पुन्हा कापून जोडत. फरक पडला तो संस्थेमुळे. १९१९ मध्ये मॉस्कोत सरकारी चित्रपटशाळा सुरू झाली आणि विशीतल्या कुलेशॉव्ह यांना तेथे विद्यार्थी मिळाले. पुदॉव्हकिन त्यांच्याकडे शिकले आणि १९२६ मध्ये ‘मदर’ घेऊन आले. आयझेन्स्टाइन यांनीही काही काळ त्यांच्याकडून धडे घेतले आणि १९२५ मध्ये ‘बॅटलशिप पोटेम्किन’ने जग हलवले. दृश्ये विटांसारखी रचावीत असे एकाने म्हटले, तर ती एकमेकांवर आदळावीत असे दुसऱ्याने. या वादातूनच शास्त्र वाढले. फाळके यांच्याकडे वाद घालायला विद्यार्थी नव्हते. होते ते कामगार, कुटुंबीय आणि कर्ज.

त्यांनी लेखन केले नाही असे नाही. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांची लेखमाला प्रसिद्ध झाली. मात्र तिचा भर स्वदेशी उद्योगाची तळमळ आणि आलेल्या अडचणी यांवर होता. चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा छोटा चित्रपटही त्यांनी केला. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. आपली विद्या झाकून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. १९२७-२८ मध्ये रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीपुढे साक्ष देताना त्यांनी चित्रपटाचे शिक्षण देणारी शाळा हवी, असा आग्रह धरला. त्या साक्षीमागे पंधरा वर्षांचा अनुभव होता. राज्यकर्ते परके होते आणि ती मागणी कागदावरच राहिली.

दरम्यान १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान फिल्म कंपनीत भागीदारांशी त्यांचे खटके उडाले. ते काशीला निघून गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि काही वर्षांनी पुन्हा कंपनीत परतले. पण तोवर काळ पुढे सरकला होता. त्यातच बोलपट आला. १९२८ मध्ये आयझेन्स्टाइन, पुदॉव्हकिन आणि अलेक्सांद्रोव्ह यांनी ध्वनीमुळे संकलनाची कला मागे पडेल, असा इशारा एकत्रितपणे दिला होता. फाळके यांच्या वाट्याला तो धोका प्रत्यक्ष आला. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ १९३७ मध्ये आला, तो त्यांचा एकमेव खराखुरा बोलपट आणि अखेरचा चित्रपटही. त्याच वर्षी मॉस्कोत आयझेन्स्टाइन यांचा ‘बेझिन मेडो’ सरकारी आदेशाने अर्ध्यावर थांबवण्यात आला. कुलेशॉव्ह यांच्यावरही तंत्राच्या मोहात अडकल्याचा ठपका आला होता. एकीकडे बाजाराने कलावंताला दूर सारले, दुसरीकडे सत्तेने. पण मॉस्कोत कुलेशॉव्ह यांचा वर्ग टिकला आणि त्यातून विचार पुढे गेला. फाळके यांच्यामागे असा वर्ग नव्हता.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला दादासाहेबांचे निधन झाले. सुमारे पंचाण्णव चित्रपट आणि सव्वीस लघुपट त्यांच्या नावावर सांगितले जातात. त्यातले हाती उरले ते फार थोडे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या ३७०० फुटांपैकी सुमारे १४७५ फूट उपलब्ध आहेत. तेही १९१३ चे की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘लंकादहन’चे काही तुकडेच उरले. त्या मानाने ‘कालिया मर्दन’ बराचसा वाचला. नायट्रेटची फीत ज्वालाग्राही असते आणि काळाबरोबर विरते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशा जुन्या फितींच्या कोठाराला आग लागून अमोल ठेवा जळाला. ज्या माणसाची कला तुकड्यांच्या क्रमात होती, त्याच्या कामाचा क्रमच आज खंडित आहे. कोणत्या दृश्यानंतर त्यांनी कोणते दृश्य ठेवले होते, हे बहुतेक चित्रपटांबाबत आता कधीच कळणार नाही.

विस्मृतीत गेलेला आणखी एक हात सरस्वतीबाईंचा. व्हर्तोव्ह यांच्या पत्नी एलिझावेता स्विलोवा याही संकलक होत्या. १९२९ च्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’मध्ये त्या संकलनाच्या टेबलाशी बसून फिती निवडताना स्पष्ट दिसतात आणि चित्रपटाच्या इतिहासात त्यांना स्वतंत्र स्थान आहे. सरस्वतीबाईंचे काम चूल आवरल्यानंतरच्या अंधारात झाले आणि दीर्घकाळ तेथेच राहिले. पतिसेवेच्या खात्यावर जमा केलेले त्यांचे श्रम हे एका नव्या विद्येचे पहिले श्रम होते, हे मान्य करायला समाजाने फार उशीर केला.

फाळके यांनी मागितलेली शाळा अखेर झाली. १९६० मध्ये पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत केंद्र सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू केली आणि संकलन हा तेथे शिकवण्याचा स्वतंत्र विषय ठरला. १९६४ मध्ये त्याच शहरात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि फाळके यांच्या उरल्यासुरल्या फितींना आसरा मिळाला. पुण्याच्या वर्गांतून आयझेन्स्टाइन आणि पुदॉव्हकिन यांचे सिद्धान्त पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. ऋत्विक घटक यांच्यासारख्या शिक्षकाने ते आत्मीयतेने विद्यार्थ्यांपर्यंत नेले. फाळके यांच्या नावाचा सर्वोच्च पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला. हा गौरव रास्तच आहे. तथापि, त्यांना केवळ आद्य पुरुष म्हणून हार घालणे सोपे आणि विचारी कारागीर म्हणून वाचणे अवघड आहे. हाती उरलेल्या काही हजार फूट फितीत प्रत्येक सांध्याशी एक निर्णय आहे. त्यामागचा विचार त्यांनी ग्रंथात लिहून ठेवला नाही. तो फितीतच लिहिलेला आहे आणि तेथूनच तो वाचावा लागेल.